टॅबवरची मोठी अक्षरं

पुणे, १२ जानेवारी २०२५

आत्या,

पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. टपालवाल्याला वाडीवर चढायला नको आणि तुलाही पोरांची खिचडी शिजेपर्यंत निवांत वाचता येईल. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनला रेंज मिळते ती ओढ्याच्या वळणावर, आणि तिथं आबा नाहीतर सिधूदादा शेजारी उभे असतात. तुझ्याशी एकटीशी बोलायचं तर कागदच बरा.

दुसरं कारण अभ्यासाचं आहे. माझा सगळा अभ्यास आता टॅबवर चालतो. संस्थेनं गेल्या वर्षी डोंगरातल्या आम्हा मुलींना दिला तोच. पुस्तकं त्यातच, टिपणं त्यातच. फळ्यावर बाईंनी काही लिहिलं की मी त्याचा फोटो काढते आणि बाकावर ठेवून वाचते. वहीच उरली नाही म्हण ना. पण परीक्षा कागदावर असते आणि माझ्या हाताची सवय गेलीय. म्हणून तुला पत्रं लिहून सराव करायचा. शाळेत असताना तू माझं शुद्धलेखन तपासायचीस, तसं तपास.

भूगोलाचा अभ्यास बरा चाललाय. मार्चमध्ये प्रात्यक्षिक आहे. नकाशे वाचायचे असतात, डोंगर किती उंच, ओढा कुठून कुठं जातो. आपल्या वाडीवर एवढी वर्षं काढली म्हणजे हे सोपं जायला हवं. तरी मन थाऱ्यावर नाही. सकाळी उठल्यापासून काहीतरी राहिलंय, काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. खोलीतली शेफाली म्हणते, तू झोपेतसुद्धा कूस बदलत असतेस.

गुडघ्याला थोडं लागलंय. जिना उतरताना पायरी चुकली. काळजी करू नकोस आणि आबांना सांगू नकोस.

तुझी धनू


अंगणवाडी, ता. वेल्हे
२२ जानेवारी

धनूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. सेविकाताई म्हनल्या, आजकाल पत्र कोन लिवतं. म्या म्हनलं, आमची लिवती.

शेरडं व्यालीत, तीन करडं झाली. बुटकी म्हस आटली. तुजा आबा बरा हाय. म्हसरं घेऊन जातो ते दिवस कलायच्या आत परत. लोकं थट्टा करत्यात, भागे, तुजा भाऊ हैबती पावन्यावानी येळेवर येतो. त्यो म्हनतो, बिबट्या फिरतोय.

आता खरं बोलायचं ते बोलते. खालच्या आळीतल्या सावळारामाचा सार्थक संक्रांतीला आलता. तुज्याच कालेजात हाय म्हनं. त्यो सांगत हुता, धनश्री आता वळख दाखवत न्हाई. जिन्याजवळ समोरून हात केला तर तशीच निघून गेली. कुटं खांबालाच धडकली, पोरं हसली. कायम त्या टॅबात तोंड घालून बसती, नाक टेकंस्तवर. हे त्यो चारचौघात बोलला, सिधू तितंच हुता. सिधूचं तोंड पडलं.

धने, आपल्या वाडीवरनं एवढं शिकायला कोन गेलं न्हाई. त्या डबड्यानं डोळं फुटत्यात, डोस्कं फिरतं. अंगणवाडीतली बारकी पोरं मोबाईलपायी जेवत न्हाईत ती म्या रोज बघते. तू मोठी हायस, तुला काय सांगायचं.

शुद्धलेखन बरं हाय. पर अक्षर येवढं मोठं का काढतीस, पाटीवर गिरवल्यागत. दोन कागदात मावलं असतं त्याला पाच लावलंस. आनि ओळी वर चढत्यात. आधी तुजी ओळ सुतात असायची.

गुडघ्याला हळद लाव.

भागूबाई


पुणे, ३० जानेवारी

आत्या,

सार्थकला मी पाहिलं नाही. तो सावलीत उभा असेल. मी कुणाची ओळख कशाला विसरेन? आणि खांबाचं म्हणशील तर त्या खांबाला कॉलेजातले निम्मे लोक धडकतात, तो आहेच वाटेत.

टॅबला डबडं म्हणू नकोस. मी त्यावर गाणी ऐकत नाही की चित्रं बघत नाही. मी त्यावर वाचते. पानाचा रंग काळा करता येतो आणि अक्षर पांढरं, हवं तेवढं मोठं. नकाशा बोटांनी फाकवला की एकेक रेषा सुटी होते. ग्रंथालयातल्या पुस्तकात तसं होत नाही. एवढंच.

अक्षर मोठं येतं ते टॅबच्या सवयीनं. या पत्रात बारीक काढायचा प्रयत्न केलाय, बघ जमलंय का.

आत्या, दादाला समजाव. तो काही बोलला का? तू सांगितलं नाहीस म्हणजे काहीतरी बोलला असणार. त्याला म्हणावं, चोवीस मार्चला प्रात्यक्षिक आहे, तोवर मला कुणी काही विचारू नका. मी पास होईन, मग काय विचारायचं ते विचारा. आणि गुडघ्याचं त्याला कळू देऊ नकोस.

इथं सगळे रस्ते खणून ठेवलेत. मी संध्याकाळी बाहेर पडत नाही. खोलीतच येरझाऱ्या घालते. शेफाली वैतागते.

धनू


९ फेब्रुवारी, रविवार

धने,

घाईत लिवते. सिधू आज सकाळच्या एसटीनं पुण्याला गेला. तुजं पत्र म्या त्याला वाचून दाखवलं, तुजी बाजू कळावी म्हनून. पर गुडघ्याची ओळ बी वाचली गेली. मग पयल्या पत्रातलं जिन्याचं बी सांगावं लागलं. त्यो म्हनला, बघ, चालताना बी त्यातच बघत असनार, उद्या गाडीखाली जाईल. टॅब घेऊन येतो, परीक्षा झाली की देतो.

म्या आडवलं न्हाई. मलाबी वाटलं, बरंच हाय. पर त्यो वळणाआड गेल्यावर मला ऱ्हावलं न्हाई. खाली येऊन सेविकाताईंच्या मोबाईलवरनं तुला दोनदा लावला, तू उचलला न्हाईस.

हे पत्र तुला मिळंल तवर त्यो येऊन गेलेला असंल. रागावू नको. तुज्या भल्याचं बघतोय त्यो.

बारीक अक्षर जमलं न्हाई. दोन ओळी एकावर एक आल्यात, वाचता येईनात.

भागू


पुणे, १४ फेब्रुवारी

आत्या,

दादा आला आणि गेला. वसतिगृहाच्या फाटकापाशी उभा राहूनच बोलला. मुली बघत होत्या. मी टॅब आणून दिला. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि त्याला तिथं उभ्या उभ्या सांगायचं माझ्यानं झालं नाही. तो म्हणाला, बघ, आता कसा अभ्यास होतो.

होत नाही, आत्या. पाच दिवस झाले. शेफाली रोज तासभर वाचून दाखवते, पण तिचाही अभ्यास आहे. पुस्तक उघडलं की करड्या कागदावर करड्या मुंग्या. नकाशावरच्या तांबूस रेषा तर दिसतच नाहीत.

आता खरं लिहिते. अक्षराचा सराव हे निमित्त होतं. साध्या कागदावर मला अजून किती दिसतं, ते मला बघायचं होतं.

अकरावीपासून संध्याकाळी मला नीट दिसत नाही. आधी वाटलं अंधारात सगळ्यांचंच तसं होत असेल. पुण्यात आल्यावर कळलं की नाही. मग बाजूचं दिसेनासं झालं. समोर दिसतं, पण पन्हाळीच्या नळातून बघावं तेवढंच. जिन्याची पायरी खाली असते, खांब बाजूला असतो, हात करणारा सार्थक कडेला असतो. ते काहीच दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये कॉलेजात डोळ्यांची तपासणी झाली, त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. आज त्याला औषध नाही. हळूहळू कमी होत जाईल, किती वर्षांत ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

टॅबनं डोळे बिघडले नाहीत. डोळे बिघडले म्हणून मी टॅबवर वाचते. आमच्या भूगोलाच्या बाईंना मी सांगितलंय. त्या म्हणाल्या, दवाखान्याचा कागद आण, प्रात्यक्षिकाला नकाशा तुला टॅबवर देण्याची परवानगी मी मिळवते. तो कागद मी अजून आणलेला नाही. त्यासाठी सगळी तपासणी परत करायची, आणि मग सरकारी दाखला, त्यावर माझं नाव आणि पुढं दिव्यांग. वाडीवर कळलं की तुम्ही मला परत न्याल असं वाटलं. अजूनही वाटतंय.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं आहे का. मी नाही म्हटलं.

दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझी ताकद संपली.

धनू


पोस्टकार्ड
पुणे, २६ फेब्रुवारी

आत्या, बारा दिवस झाले. उत्तर नाही. फोन केला तर दादा म्हणतो आत्या कामात आहे. तू रागावलीस का? काहीतरी लिही. वाईट असलं तरी लिही.

धनू


अंगणवाडी, ता. वेल्हे
२ मार्च

धने, माजे बाई,

रागावले न्हाई. लाज वाटत हुती म्हनून हात चालंना. पत्र कमरंला खोचून चार दिवस फिरले. कुनाला सांगितलं न्हाई.

डाक्टरला तू न्हाई म्हनलीस. तुजी चूक न्हाई, तुला म्हाईतच न्हवतं. व्हय म्हनायला पायजे हुतं.

तुज्या आज्याला, रखमाजीला, हेच हुतं. पन्नाशीत गेला तवा त्याला दिवसा बी दिसत नव्हतं. लोकांना सांगायचो, मोतीबिंदू. आनि तुज्या आबाला बी हाय. बिबट्या न्हाई, काय न्हाई. तिन्हीसांजंला त्याला वाट दिसत न्हाई. म्हनून त्यो म्हसरं येळेवर आनतो, म्हनून अंधार पडला की उंबऱ्याला टेकून बसतो. तू त्याला कंदी रात्री पानी आनायला जाताना बघितलंस का? तुजी आई असताना ती जायची. ती गेली, माजा मालक बी गेला, मग मी माघारी आले ती तुला वाढवायला, असं सगळी म्हनत्यात. ते खरंच हाय. पर तुज्या आबाचा हात धरायला बी आले.

का लपवलं ते ऐक. मी अठरा वर्साची हुते. शिवऱ्याकडनं पावनं बघायला आलं. सगळं ठरलं. सुपारी फुटायची तर दिवेलागण झाली आनि माजा बा पान घ्यायला उठला ते ताटातच पाय घातला. पावनं उठलं. म्हनलं, ह्यांच्या घरात आंधळं हाय, पोरीत बी आसंल. पुढच्या साली भाटघरच्या बाजूला माजं लगीन झालं ते बाला खोलीत बसवून. त्या दिशी तुज्या आबानं मला सांगितलं, भागे, आता हे तोंडातनं काढायचं न्हाई. म्या काढलं न्हाई. तुज्या पत्रात मोठं अक्षर बघितलं तवा बी मनात आलतं. पर म्या मनालाच दटावलं आनि टॅबवर खापर फोडलं.

काल सकाळी तुज्या आबाला सांगितलं. म्हसरं सोडायच्या आधी, गोठ्यात. तुजं पत्र सगळं वाचलं. त्यो दाव्याशी चाळा करत उभा ऱ्हायला. मग म्हनला, पोरीला कंदीपासनं? म्या म्हनलं, अकरावी. त्यो म्हनला, मला बी त्याच वयात सुरू झालं. आनि मग, मी सांगितलं असतं तर पोर एकटी पडली नसती. म्हसरं सिधूनं नेली.

सांजच्याला सिधू आल्यावर आबा त्याला म्हनला, टॅब आन. सिधूनं तुजी मोठी अक्षरं उघडून दाखवली. तुज्या आबाला वाचता कुटं येतंय, पर त्यो त्यातलं एक अक्षर बोटानं गिरवत बसला. म्हनला, हे मला दिसतंय.

त्यो सोमवारी दहा तारखंला तुज्याकडं येतोय. म्हनतो, डाक्टरनं इचारलंय तर उत्तर द्यायला मीच जायला पायजे. तुला कुनी परत नेनार न्हाई.

भागूबाई

खाली सिधू लिवतोय:

धने, टॅब उघडला. एका ओळीत तीनच शब्द मावतात. एक पान वाचायला मला पाव तास लागला, सारखं सरकवावं लागतंय. तू अशी वर्षभर वाचतीयस. फाटकात जे बोललो ते चारचौघात बोललो, आता चुकलो हेबी चारचौघातच सांगितलं. सार्थकलाबी सांगितलं. आबांना त्याच्याच खोलीवर उतरव, तो न्यायला येईल. चार्जर पिशवीत आहे.


पुणे, २८ मार्च

आत्या,

प्रात्यक्षिक झालं. तुला आधी तेच कळायला हवं. बाईंनी नकाशा टॅबवर घालून दिला, इंटरनेट बंद करून. मला तासाला वीस मिनिटं जास्त मिळाली. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, हिला टॅब कसा काय? बाईंनी त्याला कागद दाखवला. उतार आणि पाणलोट सगळं बरोबर आलं. एका गावाची जागा सांगणारे नकाशावरचे आकडे उलटे लिहिले, ते बाहेर आल्यावर लक्षात आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, खिंड कशी ओळखलीस? म्हटलं, आमची म्हसरं अशाच ठिकाणातून जातात. ते हसले. निकाल मेमध्ये.

आता आबांचं. घरी त्यांनी फार सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

मंगळवारी, अकरा तारखेला, आम्ही दवाखान्यात सकाळी नऊला गेलो. आबांनी धुतलेला पटका बांधला होता. डॉक्टरांनी परत विचारलं, घरात कुणाला आहे का, आणि मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, मला हाय, माझ्या बाला व्हतं. डॉक्टरांनी वर बघितलं आणि लिहून घेतलं.

एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची आणि समोर बघत राहायचं. कडेला बारीक दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दारात उभी होते. बराच वेळ काही आवाज नाही. मग आबा म्हणाले, "बाई, चालू केलं का?" ती मुलगी म्हणाली, "आबा, निम्मं झालं." आबा बाहेर आले तेव्हा त्यांनी बटण धरलेली मूठ तशीच मिटलेली होती.

नंतर बाकावर बसलो. मला वाटलं ते खचलेत. तर त्यांनी विचारलं, "धने, जेवताना ताटात बघितलं की पाण्याचा तांब्या दिसतो का तुला?" मी म्हटलं, नाही, चाचपते. म्हणाले, "मीबी चाचपतो. आन उन्हातनं घरात आल्यावर?" मी म्हटलं, काहीच दिसत नाही, मी दारातच थांबते, चप्पल काढायचं निमित्त करून. ते म्हणाले, "मी पटका सोडायचं निमित करतो." असं आम्ही तासभर विचारत बसलो. त्यांनी पायवाटा पावलं मोजून पाठ केल्यात, हे तुला माहीत होतं का? वळणापासून गोठ्यापर्यंत एकशे चाळीस. त्यांना मध्येच हसू यायला लागलं. आत्या, तीस वर्षांत त्यांना हे विचारायला कुणी मिळालंच नव्हतं.

दोघांचे कागद झाले. माझा दाखला येईल, त्यांचाही येईल. डॉक्टर म्हणाले, मुलालाही आणा. दादाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बघू. तू त्याच्या मागं लाग, पण दटावून नको.

शिक्क्यासाठी थांबवलं म्हणून उशीर झाला. बसमधून उतरलो तेव्हा दिवे लागले होते. सार्थकची खोली रस्त्यापलीकडं, आणि तो कॉलेजनंतरच्या कामावरून आठला सुटणार. मी आबांचा हात धरला आणि दोघं फुटपाथच्या कडेला उभे राहिलो. गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत होते आणि मध्ये सगळं काळं. मला वाटलं आबा नेतील, ते मोठे आहेत. त्यांना वाटलं मी नेईन, माझं गाव आहे. कुणीच पाऊल टाकेना. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "गर्दी लई हाय. थांबू जरा, कमी हुईल." मला कळलं की गर्दी कमी झाली तरी ते हेच म्हणणार आहेत. मीसुद्धा रोज असंच काहीतरी म्हणत आले होते.

शेजारी एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं, "ताई, आम्हाला दिसत नाही. जरा पलीकडं सोडता का?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. आबांचा हात माझ्या हातात घट्ट झाला. बाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं असावं, मग त्यांच्याकडं. म्हणाल्या, "कुणाला, तुला की बाबांना?"

मी उत्तर द्यायच्या आधी आबाच बोलले. अगदी सहज, म्हशीचं दूध किती ते सांगावं तसं.

"दोघांनाबी," ते म्हणाले. "आमच्या घरातच हाय ते." आणि त्यांनी दुसरा हात तिच्यापुढं केला.

तुझी,
धनश्री